गेमचं गाठोडं सोडताना

एखादा मोठा गेम संगणकावर उतरवून घ्या आणि खेळायच्या आधी त्याचं फोल्डर उघडून बघा. गेमने पन्नास-साठ जीबी जागा खाल्लेली असते, पण आत ना चित्रं दिसत, ना संगीत, ना पात्रांचे संवाद. दिसतात त्या पाच-पंधरा दांडग्या फाइली. कुणाच्या नावामागे .पाक, कुणाच्या मागे .बीएसए, तर कुणाला काही शेपूटच नाही. डबल क्लिक केलं की विंडोज विचारतं, ही कशाने उघडू?

या फाइली उघडणारी जमात गेली तीस वर्षं आहे. तिला मॉडर म्हणतात. गेममधला एखादा चेहरा बदलायचा, नवा नकाशा घालायचा, जपानी संवादांच्या जागी आपल्या भाषेतले संवाद बसवायचे, असे त्यांचे उद्योग. अशा बदलाला म्हणतात मॉड. काउंटर-स्ट्राइक १९९९ मध्ये आला तो हाफ-लाइफचा मॉड म्हणून. पुढच्याच वर्षी व्हॉल्व्ह कंपनीने तो विकत घेतला. डोटा हा मुळात वॉरक्राफ्ट ३ साठी खेळाडूंनी केलेला नकाशा. म्हणजे हौशी लोकांनी दुसऱ्याच्या गेममध्ये हात घातला नसता, तर हे दोन्ही खेळ जन्मलेच नसते. मात्र याच कौशल्यावर चोऱ्याही होतात. एका गेममधलं पात्र उचलून दुसऱ्या गेममध्ये विकलं जातं, न आलेल्या भागाचा शेवट आधीच फोडला जातो, कलाकाराचा आवाज त्याला न विचारता वापरला जातो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. विकत घेतलेल्या गेमची फाइल उघडून पाहण्यात मला काही गैर वाटत नाही. त्यातलं काय तुमच्या संगणकाबाहेर जातं आणि कुणाच्या नावाने जातं, तिथे खरा प्रश्न सुरू होतो.

गठ्ठा कशासाठी बांधतात

कंपन्या फाइली लपवण्यासाठीच एकत्र बांधतात, असा सर्वसाधारण समज आहे. मूळ कारण वेगाचं आहे. एका गेममध्ये लहानमोठ्या लाखभर फाइली असू शकतात, आणि प्रत्येक फाइल शोधून उघडण्यात ऑपरेटिंग सिस्टिमचा थोडा थोडा वेळ जातो. सीडीच्या काळात तर वाचणारं भिंग चकतीवर इकडून तिकडे पळवावं लागे. एका दृश्याला लागणारं सगळं सामान शेजारी-शेजारी ठेवून एकाच मोठ्या फाइलीत भरलं, वर ते दाबून लहान केलं, की गेम पटकन सुरू होतो. कुलूप लावण्याचा विचार पुष्कळ नंतरचा.

डूमचं वॅड

समजून घ्यायला सगळ्यात सोपं उदाहरण म्हणजे डिसेंबर १९९३ मधला डूम. आयडी सॉफ्टवेअरचा आधीचा गेम वुल्फेन्स्टाइन ३डी. त्याच्या फाइली खेळाडूंनी कुणाच्याही मदतीशिवाय उकलल्या होत्या आणि त्यात आपापले नकाशे, आपापली चित्रं घातली होती. प्रोग्रॅमर जॉन कारमॅक याला याचा राग आला नाही, उलट कौतुक वाटलं. डूम लिहिताना त्याने प्रोग्रॅम वेगळा ठेवला आणि नकाशे, चित्रं, आवाज हे सगळं .वॅड नावाच्या वेगळ्या फाइलीत भरलं.

हेक्स एडिटर म्हणजे फाइलीतले कच्चे बाइट दाखवणारा प्रोग्रॅम. त्यात वॅड उघडली की पहिल्या चार बाइटांत अक्षरं दिसतात: आयवॅड किंवा पीवॅड. पुढच्या चार बाइटांत आत किती नग आहेत तो आकडा. त्यापुढच्या चारांत यादी फाइलीत कुठे सुरू होते, ते. त्या जागी उडी मारली की सोळा-सोळा बाइटांच्या नोंदी ओळीने लागलेल्या सापडतात. चार बाइट नग कुठे सुरू होतो त्याचे, चार त्याच्या लांबीचे आणि आठ नावाचे. बास, एवढंच. कुलूप नाही, कोडं नाही. कागद-पेन्सिल घेऊन बसलेला माणूसही दुपारभरात ही फाइल उलगडेल.

खरी गंमत आयवॅड आणि पीवॅड यांच्या फरकात आहे. आयवॅड ही कंपनीची मूळ फाइल. पीवॅड ही त्यावर चढवायची. गेम सुरू होताना दोन्ही याद्या वाचतो आणि एकाच नावाचा नग दोन्हीकडे असेल तर नंतर चढवलेला उचलतो. त्यामुळे मॉडरला मूळ फाइलीला हात लावावा लागत नाही, आणि आपला मॉड वाटताना कंपनीची चित्रंही वाटावी लागत नाहीत. त्याने फक्त स्वतः काढलेला नकाशा द्यायचा. ज्याच्याकडे डूम आहे तो तो चालवेल. फुकट वाटल्या जाणाऱ्या शेअरवेअर आवृत्तीत बाहेरची फाइल चढवायला गेलं, की गेम ते नाकारायचा आणि आधी पूर्ण प्रत घ्यायला सांगायचा. मॉडरांना मोकळं रान आणि कंपनीचा गल्लाही शाबूत. इतकी शहाणी तडजोड नंतरच्या फार थोड्या कंपन्यांना जमली.

तिचं फळही लवकर मिळालं. १९९४ मध्येच हौशी प्रोग्रॅमरांनी डूमचे नकाशे बनवण्याची साधनं तयार केली. १९९६ मध्ये आलेल्या फायनल डूममधला अर्धा भाग हा एका हौशी चमूचा मॉड होता. तो फुकट वाटला जाणार होता, पण आयडीने त्याआधी तो विकत घेतला. डिसेंबर १९९७ मध्ये कंपनीने डूमचा सोर्स कोडही खुला केला. चित्रं, आवाज आणि नकाशे मात्र आपल्याकडेच ठेवले. इंजिन, म्हणजे गेम चालवणारा प्रोग्रॅम, खुलं पण सामान मालकीचं, ही विभागणी नीट लक्षात ठेवावी. पुढे उपयोगी पडेल.

कुलूप आणि किल्ली एकाच फोल्डरात

आता थोडं कुलूपबंद उदाहरण. आरपीजी मेकर एमव्ही हे २०१५ मधलं गेम बनवण्याचं साधन. एकटे-दुकटे हौशी निर्माते यावर गेम करतात. गेम प्रसिद्ध करताना त्यात एक खूण करायची सोय आहे: चित्रं आणि आवाज एन्क्रिप्ट करा. निर्माता खूण करतो, एक किल्ली टाइप करतो आणि निश्चिंत झोपतो.

प्रत्यक्षात होतं ते असं. प्रत्येक चित्राच्या सुरुवातीला सोळा बाइटांचा एक खोटा मथळा जोडला जातो. त्यानंतर मूळ चित्राचे पहिले सोळा बाइट किल्लीच्या सोळा बाइटांशी एक्सॉर केले जातात. बाकीचं अख्खं चित्र जसंच्या तसं राहतं.

एक्सॉर म्हणजे दोन आकडे बिट-बिट ताडून पाहणं: बिट सारखे असतील तर ०, वेगळे असतील तर १. समजा चित्राचा पहिला बाइट १३७ आहे, म्हणजे १०००१००१. किल्लीचा पहिला बाइट ९० आहे, म्हणजे ०१०११०१०. एक्सॉर केल्यावर येतात ११०१००११, म्हणजे २११. फाइलीत २११ लिहिला जातो. पुन्हा ९० शी एक्सॉर केलं की १३७ परत मिळतो. आणि २११ ला १३७ शी एक्सॉर केलं तर? ९० मिळतात. म्हणजे मूळ बाइट माहीत असेल तर किल्ली आपोआप हातात येते.

इथेच सगळं ढासळतं. पीएनजी चित्राची सुरुवात जगभर एकच असते: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. त्यापुढचे आठ बाइटही ठरलेले: ०, ०, ०, १३, ७३, ७२, ६८, ८२. हे झाले बरोबर सोळा. म्हणजे जेवढा भाग झाकला, तेवढाच भाग आधीपासून सगळ्यांना पाठ! आणि एवढी आकडेमोडही खरं तर करावी लागत नाही, कारण किल्ली त्याच गेमच्या एका जेसन फाइलीत साध्या अक्षरांत लिहिलेली असते. ती तिथे ठेवावीच लागते. ती नसेल तर गेमलाच स्वतःची चित्रं वाचता येणार नाहीत.

याचा अर्थ ती खूण निरुपयोगी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. ती चोराला थोपवत नाही, पण पाहणाऱ्याला निर्मात्याचं मन कळवते: ही चित्रं सुटी-सुटी उचलायला ठेवलेली नाहीत. तांत्रिकदृष्ट्या ते कुलूप फुसकं आहे म्हणून निर्मात्याची इच्छाही फुसकी ठरते, असं म्हणणाऱ्या मॉडरांशी माझं पटत नाही.

नाव हीच किल्ली

ब्लिझार्डने डायब्लो, स्टारक्राफ्ट आणि वॉरक्राफ्ट ३ या गेममध्ये एमपीक्यू नावाची गठडी वापरली. हिची रचना मला फार हुशारीची वाटते. डूमच्या यादीत नगांची नावं उघड लिहिलेली असत. एमपीक्यूच्या यादीत नावंच नसतात. प्रत्येक नाव एका गणितातून काढून आकड्यांत बदललेलं असतं, आणि आकड्यांवरून नाव परत काढता येत नाही. गेमला नाव आधीच ठाऊक असतं. तो त्याचे आकडे काढतो आणि यादीत शोधतो. बाहेरच्या माणसाला मात्र नुसते आकडे दिसतात. त्यात जी फाइल एन्क्रिप्ट केलेली असते, तिची किल्लीही तिच्या नावावरूनच तयार होते. नाव माहीत नसेल तर फाइल सापडतही नाही आणि सापडली तरी सहज उघडत नाही.

यावर मॉडरांनी शोधलेला उपाय म्हणजे चिकाटी. गेम चालू असताना तो कोणकोणती नावं मागतो ते टिपून ठेवायचं, बाकीची अंदाजाने जुळवायची, आणि सगळ्यांनी मिळून नावांच्या याद्या वाढवत न्यायच्या.

पुढे याला एक मासलेवाईक वळण मिळालं. वॉरक्राफ्ट ३ चे नकाशे हेही एमपीक्यू गठड्याच. कंपनीच्या गेममध्ये मनसोक्त हात घालणारे नकाशाकार आपल्या नकाशाची पाळी आली तेव्हा त्यातली नावांची यादी काढून टाकू लागले, म्हणजे दुसऱ्या कुणाला तो संपादकात उघडता येऊ नये. त्यासाठी खास साधनं निघाली आणि ती साधनं उलटवणारी साधनंही निघाली. बरं, त्यांची भीती खोटी नव्हती. वर्षभर खपून केलेला नकाशा कुणी उघडायचा, लेखकाचं नाव पुसायचं, आपलं टाकायचं आणि परत वाटायचा, हे सर्रास चाले. मोठ्या कंपनीला आपण सहज जो युक्तिवाद ऐकवतो, तो स्वतःच्या कामावर उलटला की कसा लागतो, हे या मंडळींना पुरतं कळलं असणार.

मोठ्या इंजिनांचा मामला

आज बहुतेक गेम दोन-तीन तयार इंजिनांवर बनतात. युनिटीच्या गठड्या दाबून लहान केलेल्या असतात, पण मुळात एन्क्रिप्ट केलेल्या नसतात. निर्मात्याला हवं तर तो वेगळी सोय करतो. अनरिअल इंजिनच्या .पाक फाइलींना एईएस-२५६ चं कुलूप लावता येतं. एईएस हे अमेरिकेने २००१ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारलेलं तंत्र, बँकांच्या व्यवहारांतही तेच वापरतात. आकडेमोड करून ते फोडणं कुणाच्या आवाक्यातलं नाही.

तरीही हे गेम उघडले जातात, कारण बँकेत आणि गेममध्ये एक मूलभूत फरक आहे. बँकेची किल्ली बँकेकडे असते. गेम मात्र तुमच्या संगणकावर चालतो, तुमच्याच संगणकावर स्वतःच्या फाइली उलगडतो, तेव्हा किल्लीही कुठे ना कुठे तिथेच असावी लागते: प्रोग्रॅमच्या फाइलीत किंवा चालू असताना मेमरीत. कंपनी ती लपवू शकते, प्रत्येक नव्या आवृत्तीत बदलू शकते, शोधणाऱ्याला दमवू शकते. पण द्यावी तर लागतेच.

आत सापडतं काय

चित्रं बहुधा ग्राफिक्स कार्डाला थेट पचतील अशा डीडीएससारख्या रूपात असतात. आवाज ध्वनी-साधनांच्या स्वतःच्या गठड्यांत, पात्रांचे सांगाडे आणि हालचाली वेगळ्या. कधी निर्मात्यांनी टाकून दिलेलं सामानही सापडतं, कारण काम संपत आलेलं असताना एखादी गोष्ट मुळापासून उपटण्यापेक्षा तिच्याकडे जाणारी वाट बंद करणं सोपं असतं. जीटीए सॅन अँड्रियासमध्ये असंच एक प्रौढ दृश्य बंद करून ठेवलं होतं. २००५ मध्ये एका मॉडने ते उघडलं, आणि अमेरिकेतल्या मानांकन संस्थेने गेमला थेट ‘फक्त प्रौढांसाठी’ हा शिक्का मारला. मॉडरने त्यात स्वतःचं काही घातलं नव्हतं; जे होतं ते दाखवलं होतं.

मराठी वाचकाला जवळचा भाग आहे मजकुराचा. संवाद बहुतेकदा साध्या तक्त्यात असतात; भाषांतर करून परत भरायला सोपे. अडचण पुढे येते. जुन्या आणि छोट्या गेममध्ये फाँट म्हणजे एक चित्र असतं, त्यात चौकोना-चौकोनात एकेक अक्षर. इंग्रजीला तेवढ्यावर भागतं. देवनागरीत ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते पण साठवली नंतर जाते, ‘र्क’ मधला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, ‘क्ष’, ‘त्र’, ‘द्ध’ हे आपले वेगळेच आकार घेतात. हे जुळवून दाखवणारा भाग इंजिनात नसेल तर पडद्यावर पाय मोडलेली अक्षरं आणि तरंगत्या वेलांट्या दिसतात. मग भाषांतरकाराला लागणारी सगळी जोडाक्षरं शोधून त्यांचे तयार चौकोन फाँटच्या चित्रात बसवावे लागतात आणि संवादांत त्यांचे संकेत भरावे लागतात. कंटाळवाणं काम आहे. पण एखादा गेम मराठीत आणण्याचा हाच एक मार्ग उरतो, कारण मोठ्या कंपन्यांच्या भाषांच्या यादीत मराठी सहसा नसते. अशा कामासाठी गठडी सोडणाऱ्याला मी चोर म्हणायला तयार नाही.

अमेरिकी न्यायालयांपुढे

मॉडचे बरेच वाद अमेरिकेत लढले गेले, आणि त्यांत १९९८ चा एक निकाल प्रत्येक मॉडरने वाचावा असा आहे. ड्यूक न्यूकेम ३डी या गेमसोबत नकाशे बनवण्याचं साधनही मिळत असे. अट एकच, की नकाशे फुकट वाटायचे. मायक्रो स्टार नावाच्या कंपनीने खेळाडूंनी बनवलेले तीनशे नकाशे गोळा केले, एका सीडीवर घातले आणि विकायला काढले. प्रकरण अपील न्यायालयात गेलं. मायक्रो स्टारचा बचाव मोठा चतुर होता: या नकाशा-फाइलींत गेममधलं एकही चित्र नाही, कुठलं चित्र कुठे ठेवायचं एवढेच आकडे आहेत.

न्यायालयाने तो मानला नाही. त्याच्या मते हे नकाशे म्हणजे ड्यूकच्या नव्या गोष्टी, आणि त्या गोष्टी सांगून विकण्याचा हक्क मूळ मालकाचा. म्हणजे कंपनीचा एकही बाइट न उचलतासुद्धा हक्कभंग होऊ शकतो. निकाल कडक आहे. पण त्यात पैशाचा वाटा किती मोठा होता हे विसरू नये. तेच नकाशे खेळाडू एकमेकांना फुकट देत होते तोवर कुणी कोर्टात गेलं नव्हतं.

त्याच न्यायालयाने १९९२ मध्ये दोन निकाल उलट बाजूने दिले होते. निन्टेंडोच्या यंत्रात बसवून खेळाडूला जास्तीचे जीव मिळवून देणारं गेम जिनी हे उपकरण वैध ठरलं, कारण ते गेमची टिकाऊ अशी नवी आवृत्ती बनवत नव्हतं. आणि सेगाच्या यंत्रावर चालतील असे गेम करता यावेत म्हणून अकोलेड कंपनीने सेगाचा कोड उलगडून पाहिला, तोही रास्त वापर ठरला. पुढे १९९८ च्या डीएमसीए कायद्याने कुलूप फोडणं हाच एक वेगळा गुन्हा केला. त्यातून दर तीन वर्षांनी काही सवलती दिल्या जातात. सर्व्हर बंद पडलेले जुने गेम जतन करण्यासाठीची सवलत २०१५ मध्ये मिळाली.

आपल्याकडचा कायदा

भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा. गेमचा कोड हा त्याच्या लेखी साहित्यकृती, चित्रं ही कलाकृती, संगीत आणखी वेगळं. म्हणजे एकाच गठडीत अनेक प्रकारचे हक्क. कलम ५२ मध्ये सवलती आहेत. कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याने प्रोग्रॅम कसा चालतो त्याचा अभ्यास करणं, दुसऱ्या स्वतंत्र प्रोग्रॅमशी तो जुळावा म्हणून लागणारी माहिती काढणं (ती सहजी दुसरीकडे मिळत नसेल तर), स्वतःच्या बिगर-व्यावसायिक वापरासाठी प्रत किंवा रूपांतर करणं, हे सगळं हक्कभंगात मोडत नाही. चित्रं आणि संगीत यांना खासगी वापर व संशोधनासाठी रास्त व्यवहाराची सवलत आहे.

कुलूप फोडण्याबद्दलचं कलम ६५-ए हे २०१२ च्या दुरुस्तीने आलं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण त्यात एक महत्त्वाचा शब्द आहे: हेतू. हक्कभंग करण्याच्या हेतूने कुलूप फोडलं तर गुन्हा. म्हणजे आपला कायदा या एका बाबतीत अमेरिकी कायद्यापेक्षा समजूतदार आहे. त्याच कलमात एक मजेशीर अटही आहे. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी दुसऱ्याला कुलूप उघडायला मदत करायची असेल, तर त्या माणसाचं नाव, पत्ता आणि कारण यांची पूर्ण नोंद ठेवायची. इंटरनेटवर साधन टाकणारा मॉडर ही वही कशी सांभाळणार, हे कायदा करणाऱ्यांनाच ठाऊक.

याशिवाय गेम घेताना आपण न वाचता ‘मान्य’ म्हणतो तो करार वेगळाच. काही करार मॉडना सरळ परवानगी देतात. माइनक्राफ्टचा करार सांगतो की तुम्ही केलेले मॉड वाटा, पण बदललेला अख्खा गेम वाटू नका, आणि मॉड विकू नका. त्याच कंपनीने २०१९ पासून कोडमधल्या मुद्दाम अनाकलनीय केलेल्या नावांची फोडही मॉडरांसाठी प्रसिद्ध करायला सुरुवात केली.

रेघ कुठे मारायची

कायदा एवढं सांगतो; उरलेलं आपल्यावर. काही बाबतींत मला शंका नाही. काढलेलं सामान दुसऱ्या गेममध्ये घालून विकणं ही चोरीच. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने अनरिअलवर केलेला ‘राजी’ २०२० मध्ये आला. अशा लहान चमूच्या गेममधला एकेक खांब, एकेक कोरीव कमान कुणीतरी महिनोन्‌महिने बसून घडवलेली असते. ‘इंटरनेटवर सापडलं’ म्हणून ती कमान उचलणाऱ्याला घडवणाऱ्याचं नाव ठाऊक नसतं, आणि ते शोधायची त्याची इच्छाही नसते.

ऑनलाइन खेळात भिंतीचं चित्र पारदर्शक करून पलीकडचा शत्रू पाहणं हाही मॉडच, तांत्रिकदृष्ट्या अगदी निरुपद्रवी बदल. पण त्याची किंमत समोरचा खेळाडू मोजतो. एकट्याने खेळायच्या गेममध्ये वाट्टेल ते करा. दुसरा माणूस आला की नियम बदलतात.

न आलेल्या भागातली गुपितं फाइलीतून काढून आधीच जाहीर करणं, याला मी गुन्हा म्हणणार नाही, पण रसभंग नक्की म्हणेन. लेखकाने शेवटच्या प्रकरणासाठी राखून ठेवलेलं सगळ्यांपुढे मांडायला विशेष अक्कल लागत नाही. अपवाद एकच: कंपनी खेळाडूपासून काही गैर लपवत असेल, उदाहरणार्थ पैसे घेऊन दिल्या जाणाऱ्या सोडतीत भलतीच शक्यता असेल, तर ती फाइलीतून शोधून सांगणारा जनतेवर उपकारच करतो.

सगळ्यात अवघड प्रश्न आवाजाचा. गेममधून कलाकाराचे संवाद काढायचे, ते एआयला शिकवायचे आणि त्या आवाजात नवे संवाद बोलून घ्यायचे, हे आता घरबसल्या होतं. स्कायरिमच्या काही मॉडमध्ये असं झालं, तेव्हा आवाज देणाऱ्या कलाकारांनी २०२३ मध्ये उघड नाराजी व्यक्त केली. त्यातले काही संवाद अश्लील होते. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या कलाकारांच्या संघटनेने गेम कंपन्यांविरुद्ध संप केला, तोही मुख्यतः एआयच्या प्रश्नावर. मॉड फुकट आहे, हा बचाव इथे लागू पडत नाही. भिंतीचं चित्र आणि माणसाचा आवाज यांत फरक आहे. चित्रकाराने चित्र विकलं की ते त्याच्यापासून सुटतं, आवाज मात्र त्या माणसाला जन्मभर चिकटलेला असतो. त्याने जे म्हटलं नाही ते त्याच्या तोंडी घालायचं, तर त्याला विचारलंच पाहिजे.

फक्त फरक वाटायचा

मॉड वाटण्याची सभ्य पद्धत मॉडरांनीच फार पूर्वी शोधून काढली आहे. तिचं नाव पॅच. आयपीएस नावाचा जुना पॅच-प्रकार बघा: सुरुवातीला ‘पॅच’ ही पाच इंग्रजी अक्षरं, मग एकेक नोंद. अमुक जागी जा, तिथले इतके बाइट काढ, त्याऐवजी हे घाल. शेवटी समाप्तीची तीन अक्षरं. अख्ख्या गेममधलं काही नाही; आहे तो नुसता फरक. ज्याच्याकडे मूळ गेम नाही, त्याला या फाइलीचा काडीचा उपयोग नाही.

निन्टेंडोचा मदर ३ जपानबाहेर कधी आलाच नाही. चाहत्यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं आणि ऑक्टोबर २००८ मध्ये प्रसिद्ध केलं, ते पॅच म्हणूनच. पुढे त्या चमूच्या प्रमुख भाषांतरकाराने निन्टेंडोला सांगितलं, तुम्ही गेम आणणार असाल तर आमचं सगळं भाषांतर फुकट वापरा. निन्टेंडोने अजून गेम आणलेला नाही, पण भाषांतर थांबवायलाही ते पुढे आले नाहीत.

हाफ-लाइफ नव्याने घडवणाऱ्या ब्लॅक मेसाच्या चमूने तर जुन्या फाइलींवर न विसंबता चित्रं आणि आवाज स्वतः केले. व्हॉल्व्हने त्यांना तो विकण्याची परवानगी दिली, आणि २०२० मध्ये पूर्ण गेम बाजारात आला.

सुरुवात करायची असेल तर

कुणी तरुण वाचक हे वाचून हेक्स एडिटर उतरवून घेणार असेल, तर त्याला माझं सांगणं: पहिला हात डूमच्या वॅडवरच चालव, पण कंपनीची आयवॅड वापरू नको. फ्रीडूम नावाचा एक प्रकल्प आहे. स्वयंसेवकांनी डूमच्या खुल्या इंजिनासाठी सगळी चित्रं, आवाज आणि नकाशे नव्याने बनवले आहेत, आणि परवाना इतका मोकळा की बदला, वाटा, हवं तर विका. फक्त परवान्याचा मजकूर आणि हक्काची नोंद सोबत ठेवायची. यादी कशी वाचायची, नग कसा काढायचा, बदलून परत कसा चढवायचा, हे सगळं तिथे शिकता येतं.

त्यानंतर दुसऱ्याच्या गेमला हात घालशील, तेव्हा तीन गोष्टी कर. त्या गेमचा करार वाच. निर्माता लहान असेल तर त्याला सरळ ईमेल लिही. अशी माणसं बहुधा उत्तर देतात आणि पुष्कळदा आनंदाने हो म्हणतात. आणि मॉडसोबत जी रीडमी फाइल टाकशील, तीत कुठलं चित्र कुणाचं, कुठला आवाज कुणाचा आणि तुझं स्वतःचं किती, हे नावानिशी लिही.